मिळवत्या हातांच्या पाठीराख्या : रमाबाई रानडे

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पोलादाच्या ओढीने मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्या संसारांत मिळवता हात बहुधा एकच असे. आज आपल्या भगिनी शिवणकाम, मसाले, पापड, पाळणाघर अशा उद्योगांत स्वतःच्या हिमतीवर उभ्या आहेत. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात, अशा स्त्रियांची बाजू शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी घेणाऱ्या रमाबाईंचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे, कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी झाल्या. त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना मराठी आणि पुढे इंग्रजी शिकविण्याची व्यवस्था केली. मात्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनाच सोसावा लागला. शिकणाऱ्या बाईची खरी परीक्षा पाटीवर नव्हे, माजघरात होते, हा धडा त्यांना असा कोवळ्या वयातच मिळाला.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. वर्षभराच्या एकांतवासानंतर रमाबाईंनी दुःख बाजूला सारून कामास वाहून घेतले. १९०८ मध्ये मुंबईत मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. तेथे गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

सेवासदनात लिहिणेवाचणे होतेच, पण त्याबरोबर शिवण, भरतकाम, अध्यापन, शुश्रूषा यांचेही शिक्षण होते. परक्या रुग्णाची सेवा करणे त्या काळी कुलीन स्त्रीस कमीपणाचे मानीत. त्याच क्षेत्रात रमाबाईंनी विधवा व निराधार स्त्रियांना धीर देऊन पाठविले. बाईच्या अंगी कसब आले तरी घरच्यांची संमती नसेल तर ते कसब वाया जाते, हे त्या अनुभवाने जाणून होत्या. म्हणून विद्यार्थिनीस शिकविणे आणि तिच्या घरच्यांचे मन वळविणे ही दोन्ही कामे त्यांनी आपली मानली. न्यायमूर्तींच्या पत्नीने दिलेला शब्द सहसा कोणी मोडीत नसे. आपली ही प्रतिष्ठा त्यांनी इतर स्त्रियांसाठी खर्च केली.

मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

‘उद्योजिका’ हा शब्द रमाबाईंच्या काळी प्रचारात नव्हता. तरी तिला काय लागते हे त्यांनी ओळखले होते : हाती कसब, घरातून पाठिंबा आणि चारचौघांत मान. पहिले आपल्या भगिनींनी स्वकष्टाने मिळविले आहे. उरलेली दोन देणे आपल्या सर्वांच्या हाती आहे. मंडळाने पुढील वाटचालीत हे कार्य अंगीकारावे, एवढीच आमची अपेक्षा.