ठराव सरकारचा, तळे उघडले स्वयंसेवकांनी

महाडचा मुक्तिसंग्राम म्हटला की ओंजळीत चवदार तळ्याचे पाणी घेतलेले बाबासाहेब आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु २० मार्च १९२७ चा तो क्षण आभाळातून पडला नव्हता. त्यामागे कोकणातल्या तरुण स्वयंसेवकांची मेहनत होती आणि त्या तरुणांच्या पुढे होते रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजेच आर. बी. मोरे. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे २४ वर्षांचे. आजच्या तरुणांनी नेतृत्व म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर मोरेंचे जीवन वाचले पाहिजे.

१ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातील लाडवली गावी मोरेंचा जन्म झाला. मुलगा हुशार होता, पण जातीमुळे महाडच्या शाळेत त्याला प्रवेश नाकारण्यात आला. जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने रडत बसण्याऐवजी अन्यायाविरुद्ध लेखी तक्रार केली, वर्तमानपत्रालाही कळवले. प्रवेश मिळाला, मात्र बसायला जागा इतर मुलांपासून वेगळी मिळाली. कागदावर हक्क मिळणे आणि प्रत्यक्षात मिळणे यात किती अंतर असते, हा धडा मोरे शाळेच्या दारातच शिकले.

हाच धडा पुढे संपूर्ण समाजाला गिरवावा लागला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना तसा हुकूम पाठवला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. झाले! कायदेमंडळाला वाटले आपले काम संपले, खात्यांना वाटले आपले संपले, नगरपालिकेलाही तसेच वाटले. प्रत्येकाने कागद खाली सरकवला. तळ्याच्या पायरीवर मात्र कोणीच उभे राहिले नाही. १९२६ साली बोले यांना पुन्हा ठराव मांडावा लागला, की जी स्थानिक मंडळे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे. तरीही एकाही अस्पृश्याच्या घशाखाली त्या तळ्याचे थेंबभर पाणी उतरले नव्हते.

सरकारजवळ काय नव्हते? पगारी नोकर होते, पोलीस होते, तिजोरी होती, कायदा होता. मोरे आणि त्यांच्या सोबत्यांजवळ यातले काहीच नव्हते. पोटासाठी मिळेल ते काम करायचे आणि उरलेला वेळ समाजाला द्यायचा, अशी ही तरुण मंडळी. महाडला परिषद भरवावी आणि तिला बाबासाहेबांना आणावे, हा ध्यास मोरेंनी घेतला व त्याचा सतत पाठपुरावा केला. गावोगावी फिरून तीन-तीन रुपये वर्गणी जमवली गेली, सोबत तांदूळ आणि गहू. गरीब माणसाने स्वतःच्या ताटातला घास काढून दिला, म्हणून ती परिषद त्याला आपली वाटली.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो लोक जमले. त्यांच्यासाठी पाणी कुठून आले? सवर्णांमार्फत ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! ज्या गावात तळे खुले असल्याचा ठराव तीन वर्षांपूर्वीच झाला होता, त्याच गावातली ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सारे शिस्तीने तळ्याकडे निघाले आणि ठरावाची अंमलबजावणी जनतेनेच करून टाकली. नंतर सनातन्यांनी हल्ला चढवला, डोकी फोडली. आपले लोक संख्येने कमी नव्हते, त्यांच्यात लष्करातून निवृत्त झालेले सैनिकही होते. परंतु बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात आवरला. पगार न घेणाऱ्या माणसांनी पाळलेली ही शिस्त होती.

मोरेंचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत आहे. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते, स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड होते. मोरेंनी स्वतःसाठी खुर्ची मागितली नाही, कामाचे ओझे मात्र उचलले.

आणि सरकार? ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव चक्क रद्द केला. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरच्या परिषदेला व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले, तेव्हा शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुस्लिम बांधवाने. त्या दिवशी मनुस्मृती जळाली. तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

पुढे १९३० साली मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. तो मार्ग बाबासाहेबांचा नव्हता, आपल्यापैकी अनेकांना तो मान्यही नाही. पण गिरणी कामगारांत काम करतानाही जातीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही आणि बाबासाहेबांविषयीचा आदर कमी होऊ दिला नाही. १९६५ साली त्यांनी ‘जीवनमार्ग’ हे पत्र सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. मतभेद आहेत म्हणून महाडच्या या शिल्पकाराला विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल.

आजही कागदाचा रोग गेलेला नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारात उतरून आपली माणसे गुदमरून मरतात. मग आपले काम कोणते? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रंदिवस राबणारे आपले तरुण मोरेंचेच वारसदार आहेत. पण १४ एप्रिलच्या वर्गणीतला मोठा हिस्सा डीजेवर उधळणारी मंडळेही आपलीच आहेत. तीन-तीन रुपयांतून महाड उभे राहिले, मग आजच्या वर्गणीतून काय उभे राहते? पदासाठी गट फोडणाऱ्या नेत्यांनीही उत्तर द्यावे, की शेवटचा कोणता ठराव त्यांनी तळ्याच्या पायरीपर्यंत नेला?

प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीतला एक कागदावरचा हक्क निवडावा. शिष्यवृत्ती असेल, रेशन असेल, नळ असेल. तो प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. चवदार तळ्याच्या स्वयंसेवकांना तीच खरी मानवंदना ठरेल.