थंड रक्त कोमट करून सैनिकांना देणारा डॉक्टर, ज्याच्या नावाचं हॉस्पिटल पुढं सोलापूरच्या कोटणीसांनी सांभाळलं

ब्लड बँकेतून येणारी रक्ताची पिशवी फ्रिजमधली असते, २ ते ६ अंश सेल्सिअसची. आपलं शरीर ३७ अंशांचं. एखादी पिशवी सावकाश चढवली तर शरीर ती थंडी सोसतं. पण मोठा अपघात झालाय, रक्त वाहतंय आणि भराभर पिशव्या चढवायच्या आहेत, तर? अंग गार पडतं. रक्त गोठणं मंदावतं, त्यामुळं जखम वाहतच राहते. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

म्हणूनच आज ऑपरेशन थिएटरमध्ये रक्त आणि सलाईन कोमट करणारं मशीन असतं, ब्लड वॉर्मर. पण १९३६ साली, बॉम्ब पडत असलेल्या माद्रिदमध्ये, एक डॉक्टर हेच काम पाण्याच्या भांड्यात करत होता. त्याचं नाव नॉर्मन बेथ्यून.

बेथ्यून कॅनडाचा. जन्म १८९० चा. पहिल्या महायुद्धात तो जखमींचं स्ट्रेचर उचलायचा आणि त्यातच स्वतः जखमी झाला. पुढं डॉक्टर झाला, तर १९२६ मध्ये टीबीनं गाठलं. तेव्हा छातीत हवा भरून आजारी फुफ्फुसाला विश्रांती द्यायचा एक उपाय होता. बेथ्यूननं हट्ट धरून तो स्वतःवर करून घेतला आणि बरा झाला. मग छातीचा सर्जन म्हणून त्यानं नाव कमावलं. पण टीबी गरिबांनाच जास्त का मारतो, हा प्रश्न काही त्याचा पिच्छा सोडेना. तो कम्युनिस्ट झाला आणि स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर तिकडं गेला.

तिथं त्याला दिसलं की, जखमी सैनिक हॉस्पिटलपर्यंत पोहोचायच्या आधीच रक्त जाऊन मरतायत. म्हणून त्यानं रक्तच जखमींकडं न्यायचं ठरवलं. माद्रिदचे लोक रक्त द्यायचे. ते गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळायचं, दुधाच्या आणि वाइनच्या निर्जंतुक बाटल्यांत भरायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. ते साधारण आठवडाभर टिकायचं. फोन आला की अंधारातून गाडी निघायची. जखमीचा रक्तगट तपासायला दोन-तीन मिनिटं लागायची. मग बाटली पाण्याच्या भांड्यात ठेवून रक्त अंगाइतकं कोमट करायचं आणि चढवायचं.

हे काम करणारा तो एकटा नव्हता. बार्सिलोनात डॉ. फ्रेडरिक दुरान-जोर्दा यांनी त्याच्याही आधी अशी सेवा उभी केली होती.

थंड रक्ताचा धोका आकड्यांत दिसला तो १९६० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये. वेगानं भरपूर रक्त द्यावं लागलेल्या ३६ पेशंटना ते थंड दिलं होतं, त्यातल्या २१ जणांचं हृदय बंद पडलं. कोमट रक्त दिलेल्या ११८ जणांत हा आकडा होता ८. अर्थात रक्त जास्त तापवलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आज भांड्यातलं गरम पाणी चालत नाही, तापमान मोजणारं मशीनच लागतं.

तापट बेथ्यूनचं स्पेनमधल्या अधिकाऱ्यांशी बिनसलं आणि १९३७ मध्ये तो परतला. पण घरी बसणाऱ्यातला तो नव्हता. १९३८ मध्ये गडी चीनला पोहोचला. जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर खेड्यापाड्यांत ऑपरेशन्स करू लागला. तिथं हातमोजेही मिळत नव्हते. १९३९ मध्ये ऑपरेशन करताना त्याचं बोट कापलं, जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. पेनिसिलिन अजून औषध म्हणून आलं नव्हतं. १२ नोव्हेंबरला बेथ्यून गेला. दुसऱ्यांच्या अंगात रक्त भरण्यासाठी धावलेला माणूस स्वतःचंच रक्त दूषित होऊन गेला.

त्याच्या नावानं तिथं बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटल झालं. १९४१ मध्ये त्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, ते होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९४२ च्या डिसेंबरमध्ये तेही तिथंच गेले, अवघ्या ३२ व्या वर्षी.