कान्होबांचे निम्मे कागद



आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं, श्लोक १२ आणि १३. मिळालेलं परत न देता एकटाच भोगतो तो चोर, आणि जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पापच खातो, असा त्यांचा भाव. हे वाचलं की आपल्याला भंडारा आठवतो, पंगत आठवते. मला आज तुकोबांचं घर आठवलं. तुकोबांचं वैराग्य आपण खूप ऐकलंय. पण त्या वैराग्याच्या काळात घरात चूल कशी पेटत होती, हे कीर्तनात फारसं कुणी सांगत नाही.

देहूचं हे घर मुळात गरीब नव्हतं. वडील बोल्होबा, आई कनकाई. शेती, दुकान, सावकारी आणि पेठेची महाजनकी. रूढ मताप्रमाणे तुकोबांचा जन्म १६०८ चा. थोरला भाऊ सावजी. पुढे त्याची बायको वारली आणि तो तीर्थाटनाला निघून गेला. वडील थकलेले, त्यामुळे कारभार तेराव्या वर्षीच मधल्या तुकोबांच्या अंगावर आला. धाकटा कान्होबा. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची मुलगी जिजाई, म्हणजे आपली आवली, दुसरी पत्नी म्हणून घरात आली. चारपाच वर्षांत आईवडील गेले.

आणि मग १६३० चा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊसच नाही. शहाजहान बादशहाला बुऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद इथं लंगर उघडावे लागले, इतका मोठा. देहूच्या महाजनाच्या घरात रखमाबाई अन्नावाचून गेली, छोटा संतू गेला.

इथे मी नेहमी थांबते. सावकाराच्या घरात भूकबळी? गावभर ज्याचं येणं आहे, त्याच्या घरात? पण नीट विचार केला तर कळतं. त्याचं सगळं धन लोकांच्या घरात होतं, कागदावर. लोकांचं पीक गेलं की त्याचे कागदही गेले. आमच्या वडप्यात हे समजायला इतिहास लागत नाही. हायवेच्या दोन्ही बाजूंना गोदामं, बरंचसं काम रोजंदारीचं. एखाद्या घरात आठवडाभर काम नसलं तर किराणावाला वहीत लिहून माल देतो, भिशीत कुणीतरी आपला नंबर मागे घेऊन तिला आधी उचलू देतं, माहेरून तांदूळ येतो. एक घर पडलं की दहा घरं धरतात. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दहाही घरं एकदम बसली, आणि वहीवाला दुकानदारच उधारीत अडकला. देहूत तेच झालं असणार.

घर सावरायला पुढे आली ती आवली. तिने स्वतःच्या नावावर खत लिहून दोनशे रुपये उभे केले. तुकोबांनी मीठ घेतलं, बालाघाटात विकलं, दोनशेचे अडीचशे झाले. परतताना वाटेत एक अडचणीतला माणूस भेटला आणि सगळे पैसे त्याला दिले. महिपतीबोवांनी ही कथा प्रेमाने सांगितली आहे. मीही प्रेमानेच ऐकते, पण खत आवलीच्या नावावर होतं हे विसरून नाही. कीर्तनात आवलीला कजाग दाखवून हशा घेतात ना, तो मला सहन होत नाही. सावकाराची लेक ती. कर्जाचा कागद म्हणजे काय हे तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि तीच भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन चढायची. पायात काटा मोडला तो विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. काटा त्याने काढला, भाकरी तिने नेली.

आता आजच्या श्लोकाचा खरा माणूस: कान्होबा. तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले तेव्हा शोधत तोच गेला. दोघे इंद्रायणीकाठी आले. घरातले सगळे खतपत्र काढले आणि दोन वाटे केले. तुकोबांनी आपला निम्मा वाटा इंद्रायणीत सोडला. तेवढी कुळं कर्जातून सुटली. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या गावात याचा अर्थ काय, विचार करा. पुढच्या सुगीचं धान्य सावकाराकडे न जाता घरात राहणार.

उरलेले निम्मे कागद कान्होबाने ठेवले, कारण त्याच्यामागे मुलंबाळं होती. पूर्वी मला वाटायचं, हा धाकटा भाऊ थोडा संसारी, थोडा कच्चा. आता तसं वाटत नाही. दोघांनी सगळंच बुडवलं असतं तर घर कुणी पाहिलं असतं? एकाने सोडलं, एकाने धरलं. आणि तुकोबांनी त्याला सगळंच सोड म्हणून भाग पाडलं नाही, वाटणीला मान दिला, हे मला फार मोठं वाटतं. पुढे हाच कान्होबा कीर्तनात मागे टाळ घेऊन उभा राहिला.

त्या टाळकऱ्यांकडेही एकदा या नजरेने पाहा. चाकणचे संताजी जगनाडे, कडूसचे गंगारामपंत मवाळ अभंग लिहून घेणारे. येलवाडीचे मालजी गाडे तर तुकोबांचे जावई. मुलींच्या लग्नाचीही कथा आहे: तुकोबांनी गल्लीत खेळणारी आपल्या ज्ञातीतली मुलं बोलावून आणली आणि तीच जावई केली. हुंडा नाही, मानपान नाही. जातीच्या चौकटीतलंच ते लग्न होतं, हेही खरं. पण आपल्याकडे एका लग्नाच्या कर्जात घर किती वर्षं अडकतं ते बघा, म्हणजे त्या साधेपणाची किंमत कळेल.

१६५० मध्ये तुकोबा गेले तेव्हा आवलीच्या पोटात नारायण होता. कान्होबाचे त्या वेळचे अभंग वाचा. भाऊ गेल्याचं दुःख आहेच, पण देवाशी चक्क भांडण आहे. वडिलांना कधीही न पाहिलेल्या त्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून देहूहून वारी सुरू केली. त्या वाटेवर आजही गावोगावची घरं वारकऱ्यांना जेवायला थांबवतात. वारकऱ्याचं नाव किंवा ऐपत कुणी विचारत नाही.

उद्या श्लोक १४, अन्न पावसातून येतं तो. आधी एकदा वाचून या, १६३० मनात ठेवून.

राम कृष्ण हरी 🙏