विश्लेषण : ‘थर्मास’मागचे शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर कोण होते?
स्कॉटलंडमध्ये १८४२ साली जन्मलेले जेम्स ड्यूअर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अतिथंड वायूंवर संशोधन करत. द्रवरूप वायू टिकावेत म्हणून १८९२ मध्ये त्यांनी दुहेरी भिंतीचे, मधली हवा काढलेले भांडे बनवले. १८९८ मध्ये त्यांनी हायड्रोजन द्रवरूप केला. पण या कामातील अपघातांत त्यांच्या दोन साहाय्यकांनी एकेक डोळा गमावला. भांड्याचे पेटंट न घेतल्याने ‘थर्मास’चा नफा जर्मन कंपनीने कमावला. १९२३ मध्ये ड्यूअर यांचे निधन झाले.

आज जनावरांच्या गोठीत रेतमात्रा अशाच भांड्यात, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्यामुळे झाकण हवाबंद करू नये, खोली हवेशीर असावी आणि हातमोजे, चष्मा वापरावा.