महाराजांची फॉरेन ट्रिप

इन्स्टा उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत काय दिसतं सांगू? कुणीतरी स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलच्या बाल्कनीत पांढरा बाथरोब घालून कॉफी पितंय. पुढच्या रीलमध्ये फ्रान्सची वाइनरी, द्राक्षाचे मळे, तळघरातली लाकडी पिंपं आणि हातात उंच दांडीचा ग्लास. आपण इकडे परभणीत, मे महिन्याच्या उन्हात, कॅन्टीनच्या कटिंगवर चौघं. लाइक करतो, उसासा टाकतो आणि ठरवतो, नोकरी लागली की एकदा तरी जायचंच!

जायलाच पाहिजे. फिरायला कुणाला आवडत नाही? पण त्याआधी एका मराठी माणसाची गोष्ट ऐका. सव्वाशे वर्षांपूर्वी तो युरोप-अमेरिकेच्या इतक्या ट्रिपा करून बसला होता की आजच्या ट्रॅव्हल इन्फ्लुएन्सरनेही हात जोडावेत. वीसहून अधिक वेळा तो समुद्र ओलांडून गेला. त्याचं नाव महाराजा सयाजीराव गायकवाड, बडोद्याचे राजे.

गावातून थेट गादीवर

सयाजीराव काही सोन्याचा चमचा तोंडात घेऊन जन्मले नव्हते. जन्म १८६३ चा, गाव नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे. वडील काशीराव, आई उमाबाई, घरी शेती. मुलाचं नाव गोपाळ. गायकवाड घराण्याशी नातं होतं, पण दूरचं.

१८७५ मध्ये बडोद्यात मोठा गोंधळ झाला. तिथले राजे मल्हारराव यांच्यावर इंग्रज रेसिडेंटला विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवून सरकारने त्यांना गादीवरून काढलं. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मुलं बघितली गेली आणि निवड झाली गोपाळची. तोपर्यंत या बारा वर्षांच्या पोराला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. विचार करा, आपण सातवीत असतो त्या वयात त्याने मुळाक्षरं गिरवायला घेतली. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक आणि टी. माधवराव यांच्यासारखे मुरलेले दिवाण यांच्या हाताखाली सहा वर्षं नुसता अभ्यास. डिसेंबर १८८१ मध्ये सगळा कारभार त्यांच्या हातात आला.

कामाचा ताण, पहिल्या पत्नीचा मृत्यू, यात झोपच उडाली. डॉक्टरांनी सांगितलं, थंड हवेच्या देशात जा. १८८७ मध्ये दुसऱ्या पत्नी चिमणाबाई यांना घेऊन महाराज पहिल्यांदा युरोपला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. तरी गेले. स्वित्झर्लंड पाहिलं, पॅरिस पाहिलं, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले. आणि मग फिरण्याची गोडी लागली ती कायमची.

ऐश होती, लपवायचं कशाला?

आता खरं बोलूया. महाराज काही पाठीवर सॅक टाकून हॉस्टेलात राहत नव्हते. आगबोटीचा पहिला वर्ग, उत्तम हॉटेलं, सोबत सचिव, डॉक्टर, नोकरचाकर. हा पैसा बडोदा संस्थानाचा, म्हणजे शेवटी रयतेने भरलेल्या साऱ्यातून आलेला. राजे बाहेर आणि कारभार दिवाणाच्या भरवशावर, अशी टीका तेव्हाही व्हायची.

इंग्रज सरकारलाही हे खटकायचं, पण त्याचं कारण वेगळं होतं. १९०० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने फर्मान काढलं की संस्थानिकांनी परदेशी जायचं तर आधी सरकारची परवानगी घ्यावी. सयाजीरावांना ते चांगलंच झोंबलं. पुढे तर पॅरिसमध्ये ते भारतीय क्रांतिकारकांना भेटतात, असा सरकारला संशय आला आणि त्यांच्या फिरण्यावर गुप्तहेरांची नजर राहू लागली. कोणत्या हॉटेलात उतरले, कोण भेटायला आलं, यावर पाळत! आपल्या स्टोरीचे व्ह्यूज आपण बघतो, त्यांचे व्ह्यूज इंग्लंडचं सरकार बघत होतं.

या ऐशीची एक किंमत त्यांच्या घरानेही मोजली. मुलांना शिकायला ऑक्सफर्ड, हार्वर्डला पाठवलं. शिक्षण मिळालं, पण त्यांच्यापैकी काहींना दारूचं व्यसनही लागलं. तीन मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. १९३९ मध्ये सयाजीरावांच्या मागे गादीवर बसला तो नातू, प्रतापसिंहराव. वाइनच्या ग्लासाचा फोटो छानच येतो हो, पण हेही त्याच गोष्टीतलं पान आहे.

बॅगेत काय आणलं?

मग या माणसाचं कौतुक कशासाठी? परत येताना तो काय घेऊन यायचा, त्यासाठी.

परदेशात त्यांनी शाळा बघितल्या, संग्रहालयं बघितली, कारखाने, बँका, बागा बघितल्या आणि हे आमच्याकडे का नाही, असं स्वतःला विचारलं. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. लक्षात घ्या, असंच विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रजांच्या कायदेमंडळात मांडलं, तर ते १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. जे इंग्रज सरकारला जमलं नाही ते एका संस्थानाने आधीच करून दाखवलं होतं.

१९०६ मध्येच ते अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक वाचनालयं पाहून थक्क झाले. कुणीही यावं, पुस्तक घ्यावं, वाचावं. नुसतं थक्क होऊन थांबले नाहीत, तर १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्यात आणलं. बोर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्यात बायकांसाठी, मुलांसाठी वेगळी सोय झाली. आणि सगळ्यात भारी म्हणजे फिरती वाचनालयं! लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत पाठवायची, वाचून झाली की दुसऱ्या गावाला. आज आपल्या तालुक्यातल्या किती गावांत पुस्तकाची पेटी पोचते, ते तुम्हीच सांगा.

१९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा सुरू झाली, जिच्या एटीएमपुढे आपण आजही उभे राहतो. युरोपातून चित्रं विकत घेतली, पण ती राजवाड्यापुरती ठेवली नाहीत. त्यासाठी चित्रसंग्रहालय बांधलं, म्हणजे तिकडे न गेलेल्यांनाही ती बघता यावीत.

एक तरुण, एक खोली

आता गोष्टीतला तो भाग, जो वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते.

परदेशात जे मिळतं ते फक्त राजालाच का मिळावं? सयाजीराव हुशार, गरीब मुलांना शिष्यवृत्त्या देत. १९१३ मध्ये अशाच एका बावीस वर्षांच्या तरुणाला त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. तीन वर्षं, महिन्याला साडेअकरा पौंड. अट एकच, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. त्या तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले, मग लंडनला गेले. तिथे वर्गात, ग्रंथालयात, खानावळीत त्यांना कुणी जात विचारली नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे ते परतले आणि करार पाळायला बडोद्याला आले. पहिला प्रश्न साधा होता, राहायचं कुठे?

हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. ओळखीच्यांच्या घरी जावं, तर ते अडचणीत येतील. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. पारशी नाव लावून, भाडं भरून त्यांनी वरच्या मजल्यावरची खोली घेतली. वर दुसरं कुणी नाही, अंधार, वटवाघळं, अडगळ. दिवसा नोकरी, रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर म्हणून दमदाटी करून गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. सरकारी बंगला तेव्हा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीला अजून काही तास होते. ते तास त्यांनी बडोद्याच्या बागेत बसून काढले.

ती बाग कोणती, माहितीये? कामाठी बाग, जिला आज सयाजी बाग म्हणतात. सयाजीरावांनीच जनतेसाठी उभी केलेली.

ज्या राजाला युरोपातलं कुठलंही हॉटेल पायघड्या घालत होतं, त्याच्याच राजधानीत त्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या माणसाला एक खोली मिळाली नाही. राजाने अस्पृश्य मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार नव्हते, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले होते. शाळा काढणं राजाच्या हातात होतं. लोकांच्या घराचं दार उघडणं मात्र त्याच्या हुकमाने झालं नाही.

मग ट्रिप फुकट गेली का?

मला नाही वाटत. साडेअकरा पौंडांचा हिशेब जरा पुढे नेऊन बघा. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने देशाच्या संविधानाचा मसुदा घडवला. आणि १९५० मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, ते मिलिंद महाविद्यालय. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून बाहेर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. इथे कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी. खेड्यातली कितीतरी पोरं त्या दारातून आत गेली. कदाचित तुमच्या आजोबांपैकी, तुमच्या सरांपैकी कुणी तिथे शिकलं असेल. विचारून बघा घरी.

म्हणजे एका राजाने परदेशात काहीतरी बघितलं आणि त्याचा धागा फिरत फिरत आपल्यापर्यंत, मराठवाड्यापर्यंत आला. हॉटेलची बिलं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. पेट्यांतली पुस्तकं, अमरेलीच्या शाळा आणि साडेअकरा पौंड राहिले.

आता जाता जाता एक गंमत. ज्या नाशिक जिल्ह्यात गोपाळ जन्मला, तिथे आज देशातल्या सगळ्यात गाजलेल्या वाइनरी आहेत. वाइनरी बघायला आता फ्रान्सला जायची गरज नाही, नाशिकची गाडी पकडली तरी चालतं. आणि खरोखर परदेशी जायचंय? शिकायला? तर राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांची माहिती काढा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. सारथी संस्थेची जी आहे ती तर थेट महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याच नावाने आहे. पात्रता, कागदपत्रं, शेवटची तारीख, सगळं आधी बघा, कारण दरवर्षी आपली पोरं फॉर्मच उशिरा भरतात.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं लोक आपल्याला हसत म्हणतात. म्हणू द्या. तुम्ही जा, मनसोक्त फिरा, चांगल्या हॉटेलात राहा, फोटो टाका. फक्त परत येताना बॅगेत परभणीसाठी काय आणणार, एवढं ठरवून निघा. आणि उद्या तुमच्या गल्लीत कुणी नवखा खोली शोधत आला, तर आडनाव विचारायच्या आधी त्याला चहा विचारा.