विश्लेषण : कॉन्यॅक वाचवणारे मन्सन आणि तासगावच्या बागेतला ‘डॉगरिज’… काय आहे नाते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्हापूरच्या बाजारात येणारी बरीचशी द्राक्षे तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या शेजारच्या तालुक्यांतली असतात. या पट्ट्यातील अनेक बागांत वरचा वेल थॉमसन, तास-ए-गणेश किंवा सोनाका असला, तरी त्याचे मूळ वेगळ्याच जातीचे असते. शेतकरी त्याला ‘डॉगरिज’ म्हणतात. हे खुंट मूळचे अमेरिकेतील टेक्सासचे. ते रानवेलींतून निवडणाऱ्या थॉमस व्होल्नी मन्सन यांचे नाव फ्रान्समध्ये मात्र वेगळ्या कारणासाठी घेतले जाते. द्राक्षापासून बनणाऱ्या कॉन्यॅक या प्रसिद्ध ब्रँडीचे मळे वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मन्सन कोण होते?

मन्सन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८४३ रोजी इलिनॉय राज्यातील अॅस्टोरियाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे शिकताना रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांमुळे त्यांना द्राक्षाची गोडी लागली. १८७० मध्ये ते पदवीधर झाले, त्याच वर्षी विवाहही झाला. १८७३ मध्ये त्यांनी नेब्रास्कात नशीब आजमावले. पण दुष्काळ, कडाक्याची थंडी आणि टोळधाड यांनी लागवड उद्ध्वस्त केली. अखेर १८७६ मध्ये ते टेक्सासमधील डेनिसन येथे भावांकडे आले. तिथे रेड नदीच्या काठावर रानद्राक्षांच्या अनेक जाती झाडांवर चढलेल्या होत्या. मन्सन यांना हवे ते सापडले. पुढची सुमारे ३७ वर्षे ते तिथेच राहिले. रेल्वेने आणि घोड्यावरून हजारो मैल फिरून त्यांनी कोणती वेल कोणत्या मातीत, किती पाण्यावर, किती उन्हात तग धरते याच्या नोंदी ठेवल्या.

फ्रान्समध्ये नेमके काय घडले होते?

१८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील वेली कोणतेही कारण न दिसता वाळू लागल्या. १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर बारीक पिवळसर कीड दिसली. ती फायलोक्सेरा. ही कीड अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आली होती. अमेरिकी रानवेली तिच्यासोबतच वाढल्याने त्यांची मुळे तिला तोंड देत. युरोपीय द्राक्षाच्या मुळांना मात्र गाठी येत, ती कुजत आणि वेल मरे. कॉन्यॅक ज्या चारांत भागात बनते, तिथे पूर्वी सुमारे २ लाख ८० हजार हेक्टरवर द्राक्ष होते. १८९३ पर्यंत त्यातले जेमतेम ४० हजार हेक्टर उरले.

कलम हा उपाय होता, मग अडचण कुठे आली?

खाली अमेरिकी मूळ आणि वर फ्रेंच वेल, असे कलम केले की कीड हतबल होते, हे लवकरच कळले. पण कॉन्यॅकच्या उत्तम मळ्यांची जमीन चुनखडीची आहे. सुरुवातीला आणलेली अमेरिकी खुंटे अशा जमिनीत लोह घेऊ शकत नसत. पाने पिवळी पडत आणि वेल खंगत जाई. चुनखड असलेल्या रानात बाग लावलेल्या आपल्याकडच्या बागायतदारालाही हे दुखणे नवे नाही. म्हणजे चारांतच्या शेतकऱ्यांसमोर दोन पर्याय होते : किडीने बाग घालवायची किंवा चुनखडीने.

मन्सन यांची मदत कशी झाली?

१८८७ मध्ये फ्रेंच सरकारने पिएर व्हियाला या तज्ज्ञाला अमेरिकेत पाठवले. चुनखडीत तगणारी रानवेल शोधणे, हे त्यांचे काम होते. अनेक राज्ये फिरून ते डेनिसनला पोहोचले. कोणती वेल कुठल्या मातीत वाढते, याचे उत्तर मन्सन यांच्या नोंदींत होते. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बर्लांडिएरी ही जात व्हियाला यांना उपयोगाची वाटली. त्या भागातील रानवेलींच्या काड्या फ्रान्सला पाठवण्यात मन्सन यांनी मदत केली. बर्लांडिएरीच्या काडीला मुळे सहज फुटत नाहीत. त्यामुळे तिचा इतर द्राक्षांशी संकर करावा लागला. अशा संकरातले ‘४१ बी’ हे खुंट चारांतच्या चुनखडीत टिकले. हे श्रेय एकट्या मन्सन यांचे नाही. मिसुरीचे हर्मन येगर आणि अनेक फ्रेंच संशोधकही त्यात होते. मात्र १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने शेतीसाठीचा ‘शेव्हालिए द्यू मेरित आग्रिकोल’ हा सन्मान मन्सन यांना दिला.

मळे बदलल्याने कॉन्यॅक बदलली का?

काही प्रमाणात, होय. पूर्वीची ‘फोल ब्लांश’ ही जात कलमावर घट्ट घड धरू लागली आणि घड सडू लागले. तिची जागा ‘उन्यी ब्लां’ने घेतली. आज कॉन्यॅकसाठी बहुतांश हेच द्राक्ष वापरतात. कृती मात्र जुनीच आहे. आंबट आणि कमी मद्यार्काची वाइन तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून तिची वाफ थंड करतात. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला ठेवतात. हे रंगहीन मद्य ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरते आणि तिथेच त्याला रंग येतो. १९०९ मध्ये फ्रान्सने कॉन्यॅकच्या प्रदेशाची हद्द आखली. कोल्हापुरी गूळ आणि कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागचा विचार हाच आहे.

मन्सन यांच्या स्वतःच्या द्राक्षांचे काय झाले?

मन्सन यांनी सुमारे ३०० नव्या जाती तयार केल्या. १९०९ मध्ये अमेरिकी द्राक्षशेतीवरील त्यांचा मोठा ग्रंथ आला. २१ जानेवारी १९१३ रोजी डेनिसन येथे त्यांचे निधन झाले. १९२० मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली, वाइनचा धंदा बसला आणि त्यांच्या बहुतेक जाती विस्मरणात गेल्या. उरलेल्या जाती आता डेनिसनच्या ग्रेसन कॉलेजच्या स्मृतिमळ्यात जपल्या जातात. डेनिसन आणि कॉन्यॅक ही आज भगिनी-शहरे आहेत.

महाराष्ट्राशी संबंध कसा?

महाराष्ट्रातील बागायतदारांनी खुंटे स्वीकारली ती किडीसाठी नव्हे, तर पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमिनीसाठी. मन्सन यांनी टेक्सासच्या बेल काउंटीतील रानवेलींतून निवडलेले डॉगरिज इथे उपयोगी पडले. आधी खुंटाची रोपे लावायची आणि पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीची काडी पाचर कलमाने बांधायची, ही पद्धत आता रुळली आहे. डॉगरिजला पर्याय म्हणून वापरले जाणारे ‘११० आर’ हे खुंटही बर्लांडिएरीच्याच संकरातले आहे. म्हणजे कॉन्यॅकच्या मळ्यांना तारणारी रानवेल तासगावच्या काही बागांतही मुळाशी आहे. नवी बाग लावताना जातीइतकाच खुंटाचा विचार करा आणि त्याआधी माती-पाणी तपासा, असे तज्ज्ञ सांगतात. मन्सन यांच्या नोंदवह्यांचा विषयही तोच होता.