संत योहान बॉस्को यांची आनंदमंडळी

इटलीतील किएरी गांवीं शिकत असतां, १८३२ च्या सुमारास, योहान बॉस्को यांनीं सोबत्यांची 'आनंदमंडळी' स्थापिली. ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारें करूं नये, अभ्यास व धर्मकर्तव्यें चुकवूं नयेत, आनंदी असावें, एवढेच नियम. स्वतः ते पितृहीन व निर्धन. कांहीं काळ कॉफीच्या दुकानांत राबून शिकले.

एक डोंबारी रविवारीं उपासनेच्या वेळीं मुलांस ओढूं लागला. योहानांनीं त्यास धांवण्यांत, उडींत, काठी तोलण्यांत व शेवटीं झाडावर चढण्यांत हरविलें. बिचाऱ्याचें सर्वस्व गेलें! मंडळीनें पैसे परत केले, बदल्यांत एक जेवण तेवढें घेतलें. आमच्या मतें पैजेहून हेंच थोर.

१८४१ सालीं धर्मगुरु झाल्यावर तुरीनच्या अनाथ मुलांसहि त्यांनीं खेळ, विद्या व प्रार्थना यांचा असाच मेळ घालून दिला. १८८८ सालीं ते प्रभुवासी झाले. १९३४ सालीं पोपमहाराजांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें.